तव्यापुढचे हात : लायपोसोममधलं केमो देताना आम्ही जे विचारलं नाही

पार्श्वभूमी

या प्रकरणातल्या बाईंना केमोच्या डे-केअरमध्ये सगळे काकू म्हणायचे. इथेही मी तेच म्हणते. ओळख लपावी म्हणून वय, गाव आणि घरचे काही तपशील बदलले आहेत. औषधं, डोस आणि आमच्या चुका आहेत तशाच ठेवल्या आहेत. मी त्या केंद्रात केमोची औषधं तयार करणारी फार्मासिस्ट. रुग्णाच्या शिरेत जे जातं ते माझ्या हाताखालून जातं, पण रुग्ण मला काचेपलीकडूनच दिसतो. या प्रकरणात ती काच नडली.

काकू ५७ वर्षांच्या, पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी राहणाऱ्या. मधुमेह जुना, गोळ्यांवर. सुमारे तीन वर्षांपूर्वी पोट फुगायला लागलं. आधी गॅसच्या गोळ्या झाल्या, मग सोनोग्राफी, मग सीटी. निघाला अंडाशयाचा कर्करोग, हाय ग्रेड सिरस (झपाट्याने वाढणारा प्रकार), तिसरा टप्पा. पॅक्लिटॅक्सेल आणि कार्बोप्लॅटिनची तीन चक्रं, मग शस्त्रक्रिया, पुन्हा तीन चक्रं. बीआरसीए जनुकांत (ज्यांतल्या दोषाने हा कर्करोग घराण्यात चालतो) दोष नव्हता. सीए-१२५, म्हणजे या आजाराची रक्तातली खूण, खाली १४ वर आला (३५ च्या आत असला की आम्ही सुस्कारा सोडतो) आणि काकू घरी गेल्या.

पॅक्लिटॅक्सेलने एक खूण मागे ठेवली. बोटांची टोकं बधिर राहिली. पायातली चप्पल निसटली तरी दोन पावलं पुढे गेल्यावर कळायचं. मधुमेहाने आधीच थोड्या थकलेल्या नसांवर हा दुसरा घाव होता. हळूहळू बरंच कमी झालं, पण पूर्ण गेलं नाही.

शेवटच्या कार्बोप्लॅटिननंतर १३ महिन्यांनी सीए-१२५ २८६ झाला. सीटीत ओटीपोटात आणि आतड्याच्या पडद्यावर विखुरलेल्या लहान गाठी. पोटात पाणी जेमतेम. काकूंना त्रास म्हणाल तर भूक मंदावलेली, एवढाच.

समस्या

आजार उलटला होता, पण सहा महिन्यांच्या बराच नंतर. अशा वेळी प्लॅटिनम गटातलं औषध, म्हणजे कार्बोप्लॅटिन, पुन्हा चालण्याची शक्यता चांगली असते. कार्बोप्लॅटिन द्यायचं, यावर कोणाचंच दुमत नव्हतं. प्रश्न त्याच्या जोडीला काय, हा होता.

मुलगा पुण्याला नोकरीला. तो मोबाइलमध्ये पाच-सहा स्क्रीनशॉट आणि हातात एक छापलेला कागद घेऊन आला. कागदावर निळ्या रंगाच्या गोळ्या रक्तवाहिनीतून जाऊन नेमक्या गाठीत शिरताना दाखवल्या होत्या. बाकी शरीर स्वच्छ, हिरवंगार. डॉक्टरांना तो म्हणाला, "डॉक्टर, मागच्या वेळी आईला फार त्रास झाला. या वेळी नॅनोवालं द्या. पैशाचं बघू. ते फक्त गाठीवर जातं ना?"

डॉक्टरांनी त्याला माझ्याकडे पाठवलं. "औषध कसं चालतं ते या मॅडम सांगतील."

काकू शेजारी बसून होत्या. त्यांनी एकच विचारलं, "ताई, केस राहतील का या वेळेला?"

त्या बाटलीत खरोखर काय असतं

मुलाला मी जे सांगितलं ते इथे जरा सविस्तर देते, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

आमच्याकडे मिळणारं आणि अंडाशयाच्या कर्करोगात रुळलेलं 'नॅनोवालं' औषध म्हणजे पेगिलेटेड लायपोसोमल डॉक्सोरुबिसिन. डॉक्सोरुबिसिन हे जुनंच लाल औषध. ते चरबीच्या दुपदरी कवचाच्या अतिसूक्ष्म फुग्यात कोंडलेलं असतं. फुग्याचा व्यास साधारण ८० ते १०० नॅनोमीटर. फुग्याच्या आत अमोनियम सल्फेट असतं. त्यामुळे औषध आत ओढलं जातं आणि तिथेच स्फटिक होऊन बसतं. बाहेरून पॉलिएथिलीन ग्लायकॉलच्या धाग्यांचा झुपका असतो, म्हणजे यकृत आणि प्लीहेतल्या भक्षक पेशी त्याला लगेच ओळखत नाहीत. जेरुसलेममधल्या बॅरेनहोल्झ आणि गॅबिझॉन यांच्या कामातून हे घडलं. १९९५ मध्ये अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली आणि अशा प्रकारचं ते पहिलं नॅनो-औषध ठरलं.

आता 'गाठीवर जातं' याबद्दल. जपानमधल्या कुमामोतोच्या मात्सुमुरा आणि माएदा यांनी १९८६ मध्ये दाखवलं की गाठीतल्या रक्तवाहिन्या घाईघाईत बांधलेल्या असतात, त्यांच्या भिंतींना फटी असतात, आणि आत झिरपलेलं बाहेर वाहून नेणारी लसीकावाहिन्यांची व्यवस्थाही तिथे धड नसते. मोठे कण त्या फटींतून आत जातात आणि अडकून राहतात. लायपोसोमचा 'नेम' म्हणतात तो एवढाच. त्याला पत्ता माहीत नसतो. तो कित्येक दिवस रक्तात फिरत राहतो आणि जिथे भिंत गळकी तिथे झिरपतो. त्यातही उंदरातल्या गाठी आणि माणसातल्या गाठी सारख्या नसतात. माणसात एका गाठीत फटी असतील, तर शेजारच्या गाठीत नसतील. टोरांटोच्या एका गटाने २०१६ मध्ये दहा वर्षांतले प्राण्यांवरचे प्रयोग एकत्र तपासले, तेव्हा टोचलेल्या नॅनोकणांपैकी गाठीपर्यंत पोचणारा हिस्सा मध्यकाने (निम्मे प्रयोग याच्या खाली, निम्मे वर) ०.७ टक्के निघाला. उरलेले ९९ टक्के अर्थातच दुसरीकडे कुठेतरी जातात.

मुलाच्या कागदावर कणाच्या अंगावर काटे होते, गाठीच्या पेशीला जाऊन चिकटणारे. त्या दिशेनेही मोठं काम झालं आहे. अमेरिकेतल्या केंब्रिजच्या बाइंड थेरप्युटिक्सने डोसिटॅक्सेल भरलेले, पीएसएमए नावाच्या प्रथिनाला धरणारे कण बनवले आणि माणसांवर चाचण्याही केल्या. २०१६ मध्ये ती कंपनी दिवाळखोरीत गेली आणि तिची मालमत्ता फायझरने विकत घेतली. विज्ञान संपलं असं नाही. पण काटेवाला कण आमच्या फ्रीजमध्ये नव्हता.

मुलगा हिरमुसला. म्हणाला, "मग फायदा काय याचा?"

फायदा आहे, पण चित्रातल्यापेक्षा वेगळा. मेटास्टॅटिक, म्हणजे शरीरात इतरत्र पसरलेल्या, स्तनाच्या कर्करोगात साधं डॉक्सोरुबिसिन आणि लायपोसोमल यांची थेट तुलना ५०९ स्त्रियांमध्ये झाली होती, २००४ साली ती प्रसिद्ध झाली. आजार रोखून धरण्याचा काळ ७.८ आणि ६.९ महिने, म्हणजे जवळपास सारखाच. पण हृदयाला इजा साध्या औषधाने तिपटीने जास्त. केस गळणं ६६ टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आलं. आणि तळहात-तळपायांची कातडी लाल होऊन सोलवटणं, ज्याला हँड-फूट सिंड्रोम म्हणतात, ते २ टक्क्यांवरून ४८ टक्क्यांवर गेलं.

हे शेवटचे दोन आकडे मी मुलाला वाचून दाखवले होते. मला नीट आठवतं. त्याने केसांचा आकडा लिहून घेतला. हातांचा आकडा मीही घाईत म्हटला, "थोडं तळहात लाल होऊ शकतात, क्रीम देतात त्यावर."

तोलून पाहिलेले पर्याय

ट्यूमर बोर्डात, म्हणजे सगळ्या तज्ज्ञांच्या बैठकीत, आधी दुसऱ्या शस्त्रक्रियेचा विचार झाला. गाठी विखुरलेल्या होत्या, एकही मागे न ठेवता काढणं शक्य दिसत नव्हतं. अर्धवट शस्त्रक्रियेत अर्थ नाही, म्हणून तो विषय तिथेच मिटला. बेव्हॅसिझुमॅब (गाठीच्या नव्या रक्तवाहिन्या रोखणारं औषध) जोडण्याचा खर्च कुटुंबाला न पेलणारा होता आणि आतड्याच्या पडद्यावरच्या गाठी पाहता सर्जनही फारसे राजी नव्हते.

उरली कार्बोप्लॅटिनची जोडी. पॅक्लिटॅक्सेल पुन्हा देणं सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांच्या हातातलं. पण बधिर बोटांवर तेच औषध पुन्हा म्हणजे कायमचं नुकसान. शिवाय ते विरघळवायला वापरलेल्या एरंडेलापासूनच्या द्रावकाची अॅलर्जी टाळायला दर वेळी स्टिरॉइड द्यावं लागतं, आणि मागच्या वेळी त्याने काकूंची साखर ४०० च्या वर नेली होती.

मुलाच्या यादीत नॅब-पॅक्लिटॅक्सेलही होतं. अल्ब्युमिनमध्ये बांधलेलं, १३० नॅनोमीटरचं. त्यात ते द्रावक नाही, त्यामुळे स्टिरॉइडची सक्ती नाही, आणि तीन तासांचं काम अर्ध्या तासात होतं. कागदावर मधुमेहीसाठी उत्तम. पण स्तनाच्या कर्करोगातल्या ज्या मोठ्या चाचणीवर ते मान्य झालं, तिच्यात संवेदनांच्या नसांचा गंभीर त्रास १० टक्के होता आणि साध्या पॅक्लिटॅक्सेलमध्ये २ टक्के. डोस मोठा देता येतो, त्याची ही किंमत. म्हणजे इथे 'नॅनो' घेतलं असतं तर काकूंचा दुबळा भाग नेमका आणखी दुखावला असता. मुलाला हे ऐकून धक्काच बसला. नॅनो म्हणजे सौम्य, असंच त्याच्या डोक्यात होतं.

जेमसायटाबीन हा प्रामाणिक पर्याय होता. हातांना काही करत नाही, केस फारसे जात नाहीत. पण कार्बोप्लॅटिनबरोबर रक्तातल्या पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट खूप खाली येतात, आणि आठव्या दिवशी पुन्हा यावं लागतं. गाव ते केंद्र एसटीने अडीच तास.

लायपोसोमल डॉक्सोरुबिसिनच्या बाजूने पुरावा भक्कम होता. कॅलिप्सो ही ९७६ स्त्रियांवरची चाचणी नेमक्या याच परिस्थितीतली, म्हणजे सहा महिन्यांनंतर उलटलेला अंडाशयाचा कर्करोग. कार्बोप्लॅटिनबरोबर लायपोसोमल दिल्यावर आजार ११.३ महिने थोपला, पॅक्लिटॅक्सेलबरोबर ९.४ महिने. लक्षात येण्याजोगं केस गळणं ७ टक्के विरुद्ध ८४. नसांचा त्रास ५ विरुद्ध २७. अॅलर्जीही कमी. हातापायांचा मध्यम ते जास्त त्रास मात्र १२ टक्के विरुद्ध २. तिथला डोस प्रति चौरस मीटर ३० मिलिग्रॅम, वर सांगितलेल्या स्तनाच्या चाचणीतल्या ५० पेक्षा बराच कमी. चार आठवड्यांतून एकदाच यायचं.

टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, चांगला होता. किडनी ठीक. आरोग्यमित्राकडून सरकारी आरोग्य योजनेच्या पॅकेजची खात्री झाली. बोर्डाने लायपोसोमलवर शिक्का मारला.

आज मागे वळून पाहताना मला हा निर्णय चुकीचा वाटत नाही. पण त्या बोर्डाच्या कागदावर हृदयाचा आकडा होता, किडनीचा, साखरेचा, यकृताचा. 'व्यवसाय' या रकान्यात लिहिलं होतं : गृहिणी.

मुलाने जाता जाता आणखी एक विचारलं, औषध इथलंच घ्यायचं की बाहेरून मागवू. त्याला मी २०१२ ची गोष्ट सांगितली. अमेरिकेतल्या ओहायोमधला कारखाना थांबल्यामुळे तिथे या औषधाचा दुष्काळ पडला, तेव्हा अमेरिकेच्याच औषध प्रशासनाने मुंबईत मुख्यालय असलेल्या सन फार्माचं लिपोडॉक्स तात्पुरतं आयात करू दिलं. पुढच्या वर्षी त्याच कंपनीच्या जेनेरिकला मंजुरीही दिली. लायपोसोमची नक्कल करणं गोळीची नक्कल करण्यापेक्षा पुष्कळ कठीण असतं, म्हणून हे उदाहरण मला महत्त्वाचं वाटतं. मुलाचं समाधान झालं.

पहिला डोस

काकूंचं शरीराचं क्षेत्रफळ १.५ चौरस मीटर, म्हणजे ४५ मिलिग्रॅम. हे औषध सलाईनमध्ये मिसळायचं नसतं, ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्येच मिसळायचं. २५० मिलिलिटरच्या बाटलीवर 'ग्लुकोज' वाचून काकूंच्या बहिणीने सिस्टरला अडवलं, "अहो, साखर आहे हिला!" त्या बाटलीत साडेबारा ग्रॅम साखर असते, अडीच-तीन चमचे. समजावून सांगितल्यावर त्या बसल्या, पण बाटली संपेपर्यंत नजर हटली नाही.

सुरुवात मिनिटाला १ मिलिग्रॅमने. चौथ्या-पाचव्या मिनिटाला काकूंचा चेहरा तांबडालाल झाला, कंबरेत कळ आली, छाती आवळली. ऑक्सिजन ९१ वर. सिस्टरने पंप बंद केला, डॉक्टर धावत आले. हायड्रोकॉर्टिसोन, एव्हिल, ऑक्सिजन. वीस मिनिटांत सगळं ओसरलं.

इथे पहिला खरा निर्णय होता. हे औषध सोडायचं का? त्यासाठी आधी दोषी कोण हे ठरायला हवं होतं. कार्बोप्लॅटिनचीही अॅलर्जी होते, विशेषतः ज्यांना आधी सहा डोस झालेले असतात त्यांना. सुदैवाने आम्ही लायपोसोमल आधी लावलं होतं, कार्बोप्लॅटिन अजून माझ्या हुडमध्येच (औषध तयार करायच्या बंदिस्त कपाटात) होतं. त्यामुळे संशयाला जागा नव्हती. दोन्ही लागोपाठ घाईने गेली असती तर चांगलं चालणारं प्लॅटिनमही आम्ही भीतीपोटी बंद केलं असतं.

ही प्रतिक्रिया नेहमीच्या अॅलर्जीसारखी नसते. पूर्वी कधी न घेतलेल्या माणसालाही पहिल्याच थेंबांना येते, कारण शरीराची पूरक प्रथिनांची साखळी त्या कणांना जंतू समजून चवताळते. कणाचा आकार विषाणूएवढाच असल्यामुळे शरीराची ही गल्लत अगदीच अनाकलनीय नाही. बहुतेकांना हळू दराने पुन्हा सुरू केल्यावर काही होत नाही आणि पुढच्या चक्रांतही सहसा होत नाही. डॉक्टरांनी तासभर थांबून निम्म्या दराने पुन्हा सुरू केलं. बाटली पूर्ण गेली. मग अर्ध्या तासाने कार्बोप्लॅटिन, ४५० मिलिग्रॅम. संध्याकाळी स्टिरॉइडमुळे साखर ३४० झाली, ती दुसऱ्या दिवशी उतरली.

एक छोटी गोष्ट यातून सुधारली. डॉक्टर मिलिग्रॅममध्ये दर लिहितात, पंप मिलिलिटर-प्रति-तास मागतो. मधलं गणित सिस्टर पेशंट समोर असताना करते. त्या दिवशी दर बरोबरच होता, पण गणित तपासायला कोणालाच सवड नव्हती. आता माझ्या लेबलवर दोन्ही आकडे असतात.

जे दिसत असून दिसलं नाही

दुसरं चक्र सुरळीत गेलं. तिसऱ्याला आल्या तेव्हा ड्युटीवरच्या तरुण डॉक्टरने विचारलं, "हातापायांना काही?" काकू म्हणाल्या, "आहेच की ते मागचं, बोटं बधिर." कागदावर नोंद झाली : हातांची तक्रार, जुनीच. तिसरा डोस गेला. सीए-१२५ ४१ वर आला होता, सगळे खूश होते. त्या आनंदात हात उलटे करून पाहायचं राहिलं.

चौथ्या चक्राला सिस्टर शीर शोधत होती. बांगड्या वर सारल्या तर मनगटाभोवती लाल-काळपट पट्टा. तिने तळहात उघडला. अंगठ्याच्या बुडाशी आणि बोटांच्या पेरांवर कातडी सोललेली, मधे भेगा, दोन ठिकाणी फोड. पायाला चप्पलच्या पट्ट्याखाली तसंच. आणि काकूंनी लाजत सांगितलं, परकराच्या नाडीखाली कमरेला गोल वण आलाय, "मला वाटलं नाडी काचली."

त्या क्षणी मला बोलावलं, आणि मी काचेबाहेर आले. विचारलं, "काकू, हाताने काय काय करता घरी?"

"करते काय म्हणजे? खानावळ आहे ना आमची. दोन वेळच्या मिळून दीडशे पोळ्या लाटते. भाकऱ्या वेगळ्या."

गृहिणी.

लायपोसोम दोन-तीन दिवसांत संपत नाही. त्याचं अर्धायु साधारण ५५ तास. सात दिवसांनीही रक्तात आठवा हिस्सा शिल्लक असतो. ते जिथे भिंत गळकी तिथे झिरपतं, हे मीच मुलाला सांगितलं होतं. तळहातावर दाब पडला, घासलं, ऊब लागली की तिथल्या केशवाहिन्या फुगतात आणि त्याही गळतात. घामावाटेही औषध कातडीवर येतं. नाडी, बांगड्या, चप्पलचा पट्टा, सगळी दाबाची ठिकाणं. आणि तळहातांपुढे रोज तीन-चार तास तवा, हातात लाटणं, परातीत गरम पाण्याने मळलेलं भाकरीचं पीठ. गाठीत औषध पोचवणारा जो गुण, तोच काकूंच्या तळव्यांवर उलटला होता.

त्यात जुनी बधिरता. बोटांना चटका कळत नव्हता, म्हणून दोन फोड खरे भाजल्याचे होते, बाकीचं औषधाचं. काकूंनी सगळंच तव्याच्या माथी मारलं. रात्री तूप चोळायच्या, वरून हळद. कोणाला सांगितलं का नाही? "तुम्ही बंद कराल ना औषध. आकडा उतरतोय म्हणाले डॉक्टर."

त्या दिवशीचा निर्णय

लाटणं धरवत नव्हतं, म्हणजे ग्रेड तीन (त्रासाच्या मोजपट्टीवर एक सौम्य, तीन गंभीर). डॉक्टरांपुढे तीन वाटा होत्या. लायपोसोमल बंद करून एकटं कार्बोप्लॅटिन. जेमसायटाबीनवर जाणं. किंवा थांबून, कमी डोसने तेच चालू ठेवणं.

आजार उतरत होता, ही मोठी गोष्ट. चालणारं औषध सोडणं कोणालाही जड जातं, आणि तसं जड जाणं हाच कधीकधी सापळा असतो. डॉक्टरांनी काकूंनाच विचारलं. काकूंनी उलट प्रश्न केला, "हात परत येतील का?" येतील, पण औषध थांबवलं आणि काम थांबवलं तर, असं उत्तर मिळालं. काकू गप्प बसल्या. खानावळीवर घर चालत होतं. मुलगा पैसे पाठवायचा, पण त्या ते बँकेत टाकून ठेवायच्या, त्याच्या लग्नासाठी.

शेवटी ठरलं ते असं. दोन आठवडे दोन्ही औषधं थांबवायची. हात ग्रेड एकवर आले तरच पुढे. लायपोसोमलचा डोस २५ टक्के कमी, म्हणजे ३४ मिलिग्रॅम. कार्बोप्लॅटिन तेवढंच. प्रत्येक डोसनंतर दहा दिवस तवा, लाटणं, गरम पाणी, भांडी पूर्ण बंद. बांगड्या काढायच्या, परकराऐवजी सैल गाऊन, पायात मऊ चप्पल. युरियाचं क्रीम हलक्या हाताने लावायचं, चोळायचं नाही. बी-सिक्सच्या गोळ्या पूर्वी सर्रास दिल्या जायच्या. त्यांचा उपयोग सिद्ध झालेला नाही, म्हणून दिल्या नाहीत.

बांगड्यांवर घरात वाद झाला. काकूंच्या सासूबाई अजून आहेत आणि सवाष्णीने हात मोकळे ठेवणं त्यांना मान्य नव्हतं. तोडगा सिस्टरने काढला : मनगटाला न टेकणारी एक सैल पाटली, दहा दिवसांनी हिरवा चुडा पुन्हा. वैद्यकीय पुस्तकात ही ओळ सापडायची नाही.

पोळ्यांसाठी त्यांनी गल्लीतली एक बाई महिन्यातून दहा दिवस लावली. तिची मजुरी दिवसाला ठरली, जेवण वेगळं. पर्याय तोलताना आम्ही कुपीची किंमत पाहिली होती, एसटीचं भाडं पाहिलं होतं. ही मजुरी आमच्या कुठल्याच हिशेबात नव्हती. तीन महिन्यांची मिळून ती बेरीज काकूंना मुलाच्या बँकेतल्या पैशांना हात लावायला लावणारी निघाली.

निष्पत्ती

बारा दिवसांत हात बरे दिसू लागले, पंधराव्या दिवशी चौथं चक्र गेलं. पाचव्यानंतर तळहात पुन्हा किंचित लाल झाले, सोलले नाहीत. सहावं चक्र वेळेवर झालं. सीए-१२५ १७. सीटीत एक लहानशी गाठ सोडून बाकी दिसेनाशा झाल्या. इको पहिल्यासारखाच. केस राहिले. काकूंना त्याचं फार अप्रूप होतं, आणि ते मी कमी लेखत नाही. गावात हिला पुन्हा झालंय हे त्यांना कोणाला सांगावं लागलं नाही.

देखभालीच्या गोळ्यांचा, म्हणजे पार्प गटाच्या औषधांचा विषय निघाला. बीआरसीए दोष नसताना अपेक्षित लाभ कमी आणि खर्च मोठा. कुटुंबाने नको म्हटलं, डॉक्टरांनी आग्रह धरला नाही.

शेवटच्या डोसनंतर नऊ महिन्यांनी आकडा पुन्हा चढू लागला. सध्या काकूंना लक्षणं नाहीत. कधी सुरू करायचं आणि काय, ते पुढच्या सीटीवर ठरेल.

वेगळं काय करता आलं असतं

औषधाची निवड बहुधा तीच राहिली असती. पण काकू तव्यापुढे काम करतात हे आधी कळलं असतं तर जेमसायटाबीन खऱ्या अर्थाने तराजूत पडलं असतं. आठव्या दिवशीची एसटीची खेप आणि दहा दिवसांची मजुरी यांत काय परवडतं, हे काकूंनी ठरवलं असतं. आम्ही त्यांच्या वतीने एसटी वाचवली आणि हात खर्ची घातले.

दुसरं, तिसऱ्या चक्राची ती नोंद. 'जुनीच' हा शब्द फार सोयीचा असतो. बधिरता आतल्या नसांची, सोलवटणं वरच्या कातडीचं. एकाला दुसऱ्याने झाकलं. हात डोळ्यांनी पाहिला असता तर अर्ध्या मिनिटात फरक कळला असता आणि तिसराच डोस पुढे ढकलून ग्रेड दोनवर थांबता आलं असतं.

तिसरं माझं. ज्या दिवशी मी '४८ टक्के' म्हणून पुढच्याच वाक्यात 'क्रीम देतात' म्हटलं, त्या दिवशी मी आकडा सांगितला होता, अर्थ सांगितला नव्हता. मुलाच्या डोक्यातलं निळ्या गोळ्यांचं चित्र खोडायला मी वीस मिनिटं घेतली. 'मग उरलेलं जातं कुठे' याला मी वीस सेकंदही दिली नाहीत. तो प्रश्न मुलाने विचारला नाही, आणि काकू तर केसांचंच विचारत होत्या.

आमच्या पहिल्या भेटीच्या फॉर्मवर आता 'व्यवसाय'च्या खाली एक ओळ आहे : दिवसभर हातांनी आणि पायांनी काय करता. तिथे गेल्या काही महिन्यांत आलेली उत्तरं माझ्याजवळ आहेत. विडी वळते. ऊसतोडणी. शिलाई मशीन, पायाची. धुणीभांडी, चार घरं. यातल्या तिघींच्या 'व्यवसाय' रकान्यात गृहिणी लिहिलेलं होतं.

काकूंच्या फायलीत तो रकाना खोडून मी खानावळ लिहिलं. पुढच्या सीटीला येताना काकूंनी फोनवर विचारलं, "या वेळचं औषध कुठं कुठं जातं, ते आधी सांगा ताई. मग मी पोळीवालीला सांगून ठेवते."